अवघड हस्तलिखित

ता. ९ जून

चिरंजीव नातीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा काही कारणाने पुढे ढकलली गेली, असे तू लिहितेस. तुझ्या आईनेही मला तेच सांगितले, आणि वर ‘बाबा, तुम्ही आता तिला काही विचारत बसू नका’ अशी सूचना केली. सुनेच्या सूचना मी ऐकून घेतो. पाळतोच असे नाही.

मी जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढील सर्व शिक्षण खिळ्यांनी केले. कोणताही मजकूर मी दोनदा वाचतो: एकदा अर्थासाठी, एकदा अक्षरांसाठी. तुझे पत्रही तसेच वाचले. पहिल्या वाचनात परीक्षा पुढे गेली होती. दुसऱ्या वाचनात असे आढळले की परीक्षेच्या खोलीत गारठा असतो, दोन टेबलांमध्ये घोड्याच्या झापडांसारख्या फळ्या असतात, आत जाण्यापूर्वी एक बाई खिसे उलटे करून दाखवायला लावतात, आणि खुर्चीचे एक चाक कुरकुरते.

जी परीक्षा झालीच नाही, तिच्या खुर्चीचे चाक कुरकुरते हे तुला कसे कळले?

मी स्पष्टीकरण मागत नाही. वस्तुस्थिती मागतो. ती पत्राने कळवावी. दूरध्वनीवर मी बोलत नाही हे तू जाणतेसच. बोललेल्या शब्दांचे मुद्रित तपासता येत नाही.

इकडील सर्व क्षेम. माझी प्रकृती उत्तम आहे.

तुझे आजोबा


ता. १७ जून

तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार.

खुर्चीच्या चाकाने माझा घात केला.

परीक्षा पुढे गेली नाही. मी ती दिली आणि नापास झाले. आईबाबांना मीच तसं सांगितलं होतं, तेव्हा आईला बोल लावू नका.

वस्तुस्थिती मागितलीत म्हणून सगळं लिहिते. ही परीक्षा यंत्रावर असते. यंत्र एक प्रश्न दाखवतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न आणखी अवघड येतो, चुकलं की जरा सोपा. असं वरखाली करत ते आपली पायरी शोधतं आणि त्याची खात्री पटली की आपोआप थांबतं. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, वर्गात शिकवलं होतं. पण त्या खुर्चीत बसले, प्रश्न अवघड होत चालले, आणि मनाने एकच धोशा लावला, तुला येत नाही, तुला येत नाही. बोटं गार पडली. ‘नाडी’ हा शब्द वाचला आणि त्याचा अर्थ काय ते क्षणभर आठवेना. मग मागच्या प्रश्नाची काळजी करत पुढच्याचं उत्तर दिलं, आणि त्याची काळजी करत त्याच्या पुढच्याचं. यंत्राने मला अगदी शेवटपर्यंत बसवून ठेवलं.

आमच्या वॉर्डच्या सिस्टरना तेवढं खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘रुग्णाला सुई टोचताना तुझा हात हलत नाही आणि खुर्चीत बसलीस की हलतो. ताप खुर्चीला आलाय का?’’

दुसरी तारीख सप्टेंबरात मिळाली आहे. रुग्णालयाने मला सहायक म्हणून ठेवलंय ते परवाना येईल या भरवशावर. पुन्हा नापास झाले तर ही जागा जाईल, आणि सहायक म्हणूनही इथे राहता येणार नाही. पुस्तक उघडलं की माझ्यासमोर प्रश्नाआधी ही जागाच येते.

आई म्हणते, तुम्ही हल्ली जिन्याच्या वळणावर बसता. खरं आहे का? आणि चपला बदलल्यात म्हणे, घट्ट होतात म्हणून. मला नीट लिहा.

आपली,
टाचणी


ता. २६ जून

चिरंजीव नातीस अनेक आशीर्वाद.

वस्तुस्थिती पावली. नापास झालीस हे वाईट. खोटे लिहिलेस हे अधिक वाईट. खोटे नीट लिहिता आले नाही, हे मात्र चांगले.

आता मी लिहितो ते लक्षपूर्वक वाच.

मी छापखान्यात लागलो तेव्हा प्रारंभी मला लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके मिळत. काही काळाने फोरमनने मला एका वकिलाचे हस्तलिखित दिले. अक्षर असे की मुंग्यांनी शाई तुडवून कागदावरून मोर्चा काढावा. ते जुळवले. नंतर रकान्यांची कोष्टके आली. तीही जुळवली. मग एका वैद्याचा ग्रंथ आला. त्यात पानापानाला जोडाक्षरे, आणि समासात त्याहून बारीक अक्षरांत दुरुस्त्या. शेजारच्या जुळाऱ्यांना मात्र स्वच्छ, गोल अक्षरातील कथा मिळत. ते शीळ घालीत जुळवणी करीत. मला वाटले, फोरमनचा माझ्यावर दात आहे. एके दिवशी मी अंगातील एप्रन काढला, घडी घालून त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो की माझे काम आपल्या पसंतीस उतरत नसेल तर स्पष्ट सांगावे.

फोरमनने चष्म्यावरून पाहिले. ‘‘सोपं काम मी कुणालाही देईन,’’ तो म्हणाला. ‘‘हे कुणाला देऊ? त्या शीळवाल्याला?’’

मी एप्रन पुन्हा घातला.

तुझे यंत्रही तोच फोरमन आहे. सोपे प्रश्न मिळणाऱ्याने घाबरावे. अवघड हस्तलिखित टेबलावर पडले की तू समजावेस, मागील पान बरोबर जुळले.

हाताविषयी. जुळाऱ्याचा हात कापू लागला की खिळा उलटा बसतो. अशा वेळी आम्ही हातातील स्टिक, म्हणजे जिच्यात ओळ जुळवतात ती पट्टी, खाली ठेवीत असू. दोन्ही तळवे खिळ्यांच्या पेटीच्या लाकडी कडेवर सपाट टेकवायचे. लाकूड गार लागते. ते गार लागेनासे होईपर्यंत थांबायचे, श्वास सावकाश सोडायचा, आणि मग पुढील ओळ घ्यायची. पूर्ण झालेल्या ओळीकडे वळून पाहायचे नाही. ते काम मुद्रितशोधकाचे. त्याला त्याचा पगार मिळतो.

‘टाचणी’ अशी सही करू नये. ते नाव आमच्या छापखान्यात पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरने ठेवले, कारण लहानपणी तू त्याच्या खोलीत बसून टाचण्या वेचीत असायचीस. तेथे सर्व जण त्याला डिंकोबा म्हणत. त्याचे एक कारण त्याचा धंदा, आणि दुसरे असे की एकदा बसला की तो जागचा सुटत नाही. सध्या तो रोज दुपारी आमच्याकडे बसतो.

अभ्यासातील एखादा प्रश्न पाठव. कशा प्रकारचा मजकूर आहे ते मला पाहायचे आहे.

जिन्याच्या वळणावर उजेड चांगला असतो म्हणून मी तेथे बसतो. प्रकृतीविषयी याहून अधिक चर्चा मी परवानाधारक व्यक्तीशीच करीन. तुजपाशी परवाना नाही. तो मिळव, मग विचार.

तुझे आजोबा


ता. ८ जुलै

तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र सिस्टरना वाचून दाखवलं. त्यांनी ते मागून घेतलं, पुन्हा वाचलं आणि मला चादरींच्या खोलीची किल्ली दिली. तिथे एक लोखंडी टेबल आहे. ड्यूटी संपली की मी तिथे घड्याळ लावून बसते आणि एका बैठकीत सराव करते, मध्ये उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, परीक्षेत असतं तसंच सगळं. भीती अनोळखी जागेला जास्त चिकटते, तर जागाच ओळखीची करून टाक, असं सिस्टरांचं म्हणणं. कुरकुरणारी खुर्चीसुद्धा त्यांनी कुठून तरी शोधून आणली.

तळवे टेकवून पाहिले. पहिल्या दिवशी स्वतःचंच हसू आलं. चौथ्या की पाचव्या दिवशी एका प्रश्नाला बोटं गार पडायला लागली आणि माझे हात मी न सांगता कडेवर गेले. लोखंड लाकडापेक्षा उशिरा गरम होतं, एवढीच तक्रार आहे.

तुमच्या अटीबद्दल मात्र मी नाराज आहे. माझ्या परीक्षेच्या खुंटीला तुमची प्रकृती टांगू नका. ती खुंटी आधीच डुगडुगते आहे.

प्रश्न पाठवते. आमच्या परीक्षेत असे पुष्कळ असतात. तुमच्याकडे एकाच वेळी चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल?

पहिले, वयोवृद्ध गृहस्थ, पाणी मागत आहेत. दुसरी, कालच पोटाची शस्त्रक्रिया झालेली बाई, दुखतंय म्हणून मोठ्याने ओरडते आहे. तिसरा, ताप आलेला तरुण. चौथी, दम्याची मुलगी. सकाळपासून तिची छाती घरघरत होती, आता घरघर थांबली आहे आणि ती शांत पडून आहे.

आपली,
टाचणी (बाइंडरकाकांना माझा नमस्कार. सही त्यांच्या मानाखातर.)


ता. १६ जुलै

चिरंजीव नातीस अनेक आशीर्वाद.

प्रश्न सोपा आहे. प्रथम वयोवृद्ध गृहस्थांकडे जावे. वयाने मोठे असलेल्या माणसास पाण्यासाठी दुसऱ्यांदा मागणी करावी लागणे योग्य नव्हे. दुसऱ्या क्रमांकावर तरुण, कारण तापाने माणूस बरळतो. मुलगी शांत झाली आहे, तिला झोपू द्यावे.

डिंकोबाचे मत निराळे पडले. तो म्हणाला, आधी ओरडणाऱ्या बाईकडे जावे, म्हणजे उरलेल्या तिघांना झोप लागेल. मी म्हणालो की हे रुग्णालय आहे, धर्मशाळा नव्हे. तो म्हणाला, ‘‘जुळाऱ्या, तुझ्या हातात रुग्णालय दिलं तर म्हातारे तेवढे वाचतील.’’ यावर आमचा दुपारचा चहा निवला. तुझी आई येऊन म्हणाली की तुम्ही दोघे परीक्षेला बसलात तर यंत्र स्वतःच खोलीबाहेर निघून जाईल.

बरोबर उत्तर कळवावे, म्हणजे डिंकोबाचे तोंड बंद होईल.

लोखंडी टेबलाच्या कडेवर वर्तमानपत्राची घडी घालू नये. कड गारच असावी. गार लागते आणि मग लागेनासे होते, त्यात सर्व आहे.

तुझे आजोबा


ता. २८ जुलै

तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार.

दोघेही नापास.

आधी मुलीकडे जायचं. दम्यात छाती घरघरते तोवर हवा आतबाहेर होते आहे, एवढं तरी कळतं. ती घरघर एकदम थांबली आणि माणूस शांत पडला, तर बहुधा हवा जायचीच थांबत आली आहे. ओरडणाऱ्या बाईकडे निदान ओरडण्याइतका श्वास आहे. तिच्याकडे जायचंच, पण दुसऱ्यांदा. आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच घोकवतात, आधी श्वास पाहा, मग रक्ताभिसरण, मग बाकी सगळं. आणि जो काही म्हणत नाही त्याच्याकडे जास्त नीट बघा.

माझा सराव बरा चालला आहे. बरा नाही, चांगला चालला आहे. काल एकामागून एक असे प्रश्न आले की निम्म्या औषधांची नावं ओळखीची नव्हती. लगेच तुमचा फोरमन आठवला. म्हटलं, वैद्याचा ग्रंथ आला वाटतं. शेवटी गुण पाहिले तर आजवरचे सर्वांत चांगले. सिस्टर पुसट हसल्या आणि ‘‘खुर्चीचा ताप उतरलेला दिसतोय’’ म्हणाल्या.

पुढचा प्रश्न. पुन्हा चार रुग्ण, आधी कोण?

पहिला, पायाला प्लॅस्टर आहे, आत खाज सुटली म्हणून कुरकुर करतो. दुसरी, घरी जायची परवानगी मिळाली आहे, कागद कधी देता म्हणून सारखी विचारते. तिसरा, जखम भरत आली आहे, पट्टी बदलायची आहे. चौथे एक गृहस्थ, काही होत नाही म्हणतात. पण संध्याकाळी त्यांच्या चपला घट्ट होतात, जिना चढताना मध्ये बसावं लागतं, आणि पूर्वी एक उशी घेणारे हल्ली तीन उशा घेऊन झोपतात.

सावकाश विचार करून उत्तर द्या.

आपली,
टाचणी


ता. ५ ऑगस्ट

चिरंजीव नातीस अनेक आशीर्वाद.

या वेळी मी डिंकोबास बोलू न देता स्वतः विचार केला.

उत्तर: चौथे गृहस्थ. कारण असे. उरलेले तिघे बोलत आहेत, कुरकुरत आहेत, मागत आहेत, अर्थात त्यांच्यात श्वास आहे. चौथे गृहस्थ काही होत नाही असे म्हणतात, आणि तू लिहिल्याप्रमाणे जो काही म्हणत नाही त्याच्याकडे अधिक नीट पाहावे. शिवाय आडवे झाल्यावर ज्याला उशांची चळत लागते, त्याचा अडथळा श्वासाचाच असला पाहिजे. अशा माणसाने घरी बसून राहणे हा शुद्ध हटवादीपणा होय. परिचारिकेने त्याच्याकडे तत्काळ जावे व त्याने काहीही सांगितले तरी ऐकू नये.

येथवर लिहून मी मजकूर डिंकोबास वाचून दाखवला. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी कारण विचारले. त्याने माझ्या चपलांकडे बोट दाखवले, नंतर आतील खोलीतील पलंगाकडे.

पत्र मी दोनदा वाचतो, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिले होते. हा प्रश्न मी एकदाच वाचला. माझ्या नातीने माझ्यासाठी सापळा मांडला आणि मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्यात उभा राहिलो, तेही सकारण उत्तर देऊन.

त्या दिवशी पत्र पुरे केले नाही. उरलेला मजकूर आज, ता. ११ रोजी, लिहीत आहे.

दिलेले उत्तर मागे घेण्याची माझी पद्धत नाही. त्यामुळे मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुझे वडील सोबत येणार होते. मी त्यांना वळणाच्या पायरीवर बसवून एकटाच पुढे निघालो, परंतु डिंकोबा चिकटला तो सुटला नाही. डॉक्टर वयाने तुझ्या वडिलांहून लहान आहेत, तथापि नीट बोलतात. त्यांनी छाती तपासली, आलेख काढला, रक्त घेतले. त्यांनी काय सांगितले ते मी घरात कोणास सांगितलेले नाही, आणि डिंकोबाकडूनही वचन घेतले आहे. औषध सुरू केले आहे. डॉक्टर सांगतात ते सर्व पाळीत आहे. तुजवरचा तेवढा भार उतरला असे समज.

तपशील परवानाधारक व्यक्तीसच मिळेल. अट कायम आहे, परंतु खुंटीवर आता माझी प्रकृती टांगलेली नाही. फक्त तुझी उत्सुकता टांगलेली आहे.

परीक्षेला जाताना केसांना चिमटा लावू नये. त्या खिसे तपासणाऱ्या बाई तो काढायला लावतील आणि मन विस्कटेल. साधी वेणी घालावी.

तुझे आजोबा


ता. १९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार.

मधल्या दिवसांत पत्र लिहिलं नाही, कारण प्रत्येक वेळी कागद घेतला की ‘डॉक्टर काय म्हणाले’ एवढंच लिहावंसं वाटे आणि तुम्ही ते सांगणार नाही हे ठाऊक होतं. तुमचं ते पत्र आलं त्या दिवशी मात्र मी चादरींच्या खोलीत बसून आधी खूप हसले, मग थोडी रडले, मग दोन तास सराव केला. औषध सुरू झालंय म्हणजे डॉक्टरांनी नेमकं पाहिलं, एवढं मला पुरलं.

परीक्षा आज दिली. वेणी घातली होती. बाईंनी खिसे उलटे करून घेतले आणि मला पाहून ‘‘पुन्हा आलात?’’ असं विचारलं. मी म्हटलं, खुर्चीची आठवण येत होती.

खोली तीच, गारठा तोच. चाक मात्र कुरकुरत नव्हतं, कोणीतरी तेल घातलं होतं, आणि त्यानेच मी क्षणभर बिचकले. पहिले काही प्रश्न सरळ गेले. मग चढ लागला. एका प्रश्नात चार रुग्ण आणि चारही असे की कोणालाच थांबवता येऊ नये. बोटं गार पडली. मी दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर ठेवले. गार लागलं. मग लागेनासं झालं. पडद्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हे दुसऱ्या कुणाला देणार, त्या शीळवाल्याला? आजोबा, मला हसू आलं. देखरेख करणाऱ्या बाई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, परीक्षेत हसणारी मुलगी त्यांनी पाहिली नसावी. त्यानंतरचे प्रश्न मी वॉर्डात असते तशी सोडवले. आधी श्वास. मग पुढचं. झालेल्या ओळीकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

आणि मग यंत्र मध्येच थांबलं. पडदा पांढरा झाला, परीक्षा संपली अशी एक ओळ आली. आजूबाजूला सगळे अजून टकटक करत होते. गेल्या वेळी त्याने मला शेवटपर्यंत ठेवलं होतं, या वेळी निम्म्यातच उठवलं. इतक्या लवकर थांबतं ते दोनच कारणांनी, एक तर येतं याची खात्री पटली म्हणून, किंवा येत नाही याची. निकाल यायला काही दिवस लागतील.

मला काय वाटतं विचाराल तर मला झालं असं वाटतं. लिहायला धीर होत नव्हता, पण लिहिलं. हात कापला नाही, एवढं तर नक्की.

आपली,
टाचणी


ता. २५ सप्टेंबर

चिरंजीव नातीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझा संताप झाला. उमेदवार उत्तरे देण्यास तयार बसलेला असताना यंत्राने मध्येच थांबावे, ही कोणती रीत? मी तत्काळ परीक्षा मंडळाच्या कार्यालयास अर्ज लिहिला. त्यात असे म्हटले की माझी नात शेवटच्या प्रश्नापर्यंत बसण्यास समर्थ असताना तिला अर्ध्यावर उठवण्यात आले, तरी यंत्राची तपासणी व्हावी आणि उरलेले प्रश्न तिला विचारण्यात यावेत. मजकूर दीड पृष्ठाचा, समास सोडून, उत्तम उतरला.

पाकिटास डिंक लावण्यासाठी मी ते डिंकोबाकडे दिले. त्याने नकार दिला. आयुष्यभर ज्याने लाखो पाने चिकटवली, तो मित्र माझे एक पाकीट चिकटवीना. मी कारण विचारले.

‘‘फोरमनने तुला कामावर घेतलं तेव्हा अर्धं पान जुळवून घेऊन स्टिक काढून घेतली होती,’’ तो म्हणाला. ‘‘तू रडकुंडीला आला होतास. मी दारातच उभा होतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या नावाची पेटी मांडली त्याने. तेव्हा केला होतास का रे अर्ज?’’

मला ते आठवले. मी रडकुंडीला आलो नव्हतो, हे येथे नमूद करतो. बाकी हकीकत बरोबर आहे.

अर्ज फाडलेला नाही, कारण मजकूर चांगला आहे. पाठवलेलाही नाही.

‘मला झाले असे वाटते’ हे वाक्य तू लिहिलेस. जूनमध्ये तू ते लिहू शकली नसतीस. निकाल काहीही येवो, ते वाक्य छापलेलेच राहील. माझेही मत तसेच आहे, आणि माझी मते क्वचितच चुकतात. दम्याच्या मुलीविषयी चुकले होते, तो अपवाद.

तुझे आजोबा


ता. १ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार.

झाले. परवाना मिळाला.

घरी फोन केला, पण आईला शपथ घातली आहे की तुम्हाला माझं पत्र येईपर्यंत कळू द्यायचं नाही. तिला चेहरा लपवता येत नाही. तुम्हाला कळलं असेलच, तरी कृपा करून कळलं नाही असं दाखवा.

सिस्टरनी सगळ्या वॉर्डासमोर माझ्या जुन्या बिल्ल्यावरचा ‘सहायक’ शब्द स्वतःच्या हाताने काढला. मग लगेच म्हणाल्या, चल, सात नंबरला जा, तो फार शांत पडलाय. तो खरंच झोपला होता.

आता मी परवानाधारक व्यक्ती आहे. डॉक्टर काय म्हणाले?

आपली,
टाचणी


ता. ८ ऑक्टोबर

माननीय परिचारिका महोदया यांस सविनय नमस्कार.

आपले पत्र आज पावले. तत्पूर्वी आठवडाभर माझ्या सूनबाई कारण नसताना गात होत्या व माझा मुलगा मला वारंवार पाणी हवे का म्हणून विचारीत होता. डिंकोबाने नवा सदरा घातला होता. मी कोणासही काही विचारले नाही. बातमी पत्राने येणार होती, आणि मी पत्राची वाट पाहिली.

आपण परवानाधारक असल्याची खात्री पटल्याने पुढील माहिती सादर करीत आहे.

रुग्ण पुरुष, वयोवृद्ध, निवृत्त जुळारी. हृदयाचा पंप पूर्वीच्या जोमाने चालत नाही, त्यामुळे अंगात पाणी साचते, पायांस सूज येते व आडवे झाले असता धाप लागते, असे डॉक्टरांचे निदान आहे. वेळीच आलात, असेही ते म्हणाले. वेळी आणणारे कोण, हे मी त्यांना सांगितले नाही, परंतु डिंकोबाने सांगितले. गोळ्या नियमित घेतो. मीठ अत्यल्प. रोज सकाळी वजन करून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहितो. जिना अद्याप सावकाश चढतो, आणि वळणावर बसतो. तेथे उजेड चांगला असतो, हेही असत्य नाही.

धाप लागे तेव्हा मला भीती वाटत असे. ही गोष्ट मी डॉक्टरांनाही सांगितलेली नाही. आपणांस सांगणे योग्य वाटले. पलंगाची कड लाकडी आहे. तिच्यावर तळवे टेकवीत असे.

यापुढे आपण विचाराल ते सर्व कळवीन. आपल्या सूचना ऐकून घेईन, आणि पाळीन.

आपला आज्ञाधारक रुग्ण

ता. क. वरील मायना या एका पत्रापुरता आहे. पुढील पत्रापासून तू पुन्हा चिरंजीव. सही मात्र तुला हवी ती करावी.

दुसरा ता. क. काल एक उशी काढून कपाटात ठेवली.